तिसऱ्या प्रकरणातले सहा मुडदे

कर्जतच्या पतपेढीतली नोकरी सांभाळून मी थरारक कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा माझ्या डोक्यात नुसतं वारं शिरलं होतं. गोष्ट अशी: एक निवृत्त जवान, त्याच्या गावची नदी नासवणारी बदमाश कंपनी आणि त्याचा सूड. तिसऱ्या प्रकरणात मी त्याला भर दुपारी कंपनीच्या गेटवर नेलं आणि सहा वॉचमन एका दमात गोळ्या घालून आडवे केले. लिहून झाल्यावर आनंदाच्या भरात मी खुर्चीसकट मागे पडलो.

पहिला श्रोता ठरलेला, माझे वडील. सतरा वर्षं फौजेत काढून ते घरी आले आणि तेव्हापासून खालापूरकडच्या एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. त्यांनी शाब्बास म्हटल्याशिवाय मी पुढचं पान लिहीत नसे. रविवारी सकाळी मी हातवारे करकरून प्रकरण वाचलं. ते हसले नाहीत.

"ही मेलेली मानसं कोन?"

"वॉचमन. कंपनीचे."

"आरं, गेटवर सगळी रिटायर फौजीच असतात. तुजा हिरो त्यांना गोळी घालंल? आदी इचारंल, कोनतं युनिट? मग चा हुतो."

त्यांचा चेहरा उतरला होता. मी माझ्या बापालाच गोळी घातली होती, तीही सहा वेळा! मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि कहर म्हणजे हसूही आवरेना.

दुपारपर्यंत मी सहाही जण जिवंत केले. पेन थांबायला तयार नव्हतं. हिरो येतो, पिकल्या मिशीचा वॉचमन युनिट विचारतो, चहा होतो, नदीचा विषय निघतो आणि वॉचमन आपल्या हाताने गेट उघडतो. मी घरभर नाचलो.

"येड लागलंय जनू याला," आई म्हणाली.

वडिलांना लगेच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्या वॉचमनची नोकरी जानार रं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "मग बाबा, गेट बंदच ठेवू का?" मी घाबरत विचारलं.

"बारा वर्सं मी बंदच ठेवलंय," ते म्हणाले. "तू उघड."