सध्यापुरता नंबर

अक्का गेली ती नवी पेठेत, तिच्या टायपिंग क्लासच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. सकाळचे अकरा वाजले असतील. खालच्या चादरीच्या दुकानातले अंबादासमामा चहाचं विचारायला जिना चढून वर गेले, तेव्हा तिची मान एका बाजूला कललेली होती. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली आणि घरच्यांना बोलवा म्हणाले. मामांनी एरवी बंदच असणारा आपला फोन चालू केला, त्यांच्याजवळ असलेला आमच्या घरचा एकुलता एक नंबर लावला, आणि टेबलावरच्या अक्काच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. मी मोबाइल वापरत नव्हतो. मला काही निरोप द्यायचा तर तो अक्काच्याच नंबरवर द्यावा लागे... शेवटी मामा रिक्षा करून जुळे सोलापूरला आले, आमचे दोन मजले चढले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले. मग म्हणाले, "सर, फोन लावला हो मी. तितंच वाजला."

याला आता अकरा आठवडे झाले. तिचा फोन तेव्हापासून माझ्याकडे आहे. शाळेच्या ग्रंथालयात सगळी नोकरी काढलेला मी माणूस; फोन वाजला की पुस्तकातली ओळ हरवते, म्हणून मी तो कधी घेतला नाही. ती गेल्यावर मात्र तिचा फोन उशाशी घेऊन झोपू लागलो, आंघोळीला जाताना खिडकीत ठेवू लागलो आणि चार्जिंग निम्म्यावर आलं की अस्वस्थ होऊ लागलो. तो बंद पडला असता तर नवी पेठेतली आमच्या ओळखीची निम्मी दुकानं अडकली असती. ती का अडकली असती हे सांगायचं तर अक्काबद्दल सांगावं लागेल.

शकुंतला, माझी पाच वर्षांनी मोठी बहीण. वडील गिरणीत होते. त्यांच्या फंडातून तिने दोन जुनी टाइपरायटर मशिनं घेतली आणि चादरीच्या दुकानावरची खोली भाड्याने घेऊन क्लास काढला. लग्न केलं नाही. सगळ्या पेठेत तिला टायपिंगबाई म्हणत. तिच्या क्लासमध्ये शिकून कितीतरी मुली कचेऱ्यांत लागल्या. शिकवताना ती फार कडक असे. मशिनवर पत्र्याचं झाकण ठेवायची, म्हणजे बोटं दिसू नयेत. "बघू नको. बोटांना शिकू दे," हे तिचं वाक्य जिन्यातूनच ऐकू यायचं. एखादी मुलगी अडली तरी अक्का स्वतः तिची कळ कधीही दाबून देत नसे. पट्टी घेऊन शेजारी उभी राहायची, पाच मिनिटं लागोत नाहीतर दहा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

पुढे परीक्षा संगणकावर होऊ लागल्या, मशिनं भंगारात गेली, एक तेवढं तिने ठेवलं. मुलं कमी झाली. माझी पत्नी गेल्यावर अक्का माझ्याकडे राहायला आली, पण रोज दहा वाजता क्लासला जाणं तिने सोडलं नाही. अशाच एका दुपारी अंबादासमामा वर आले. त्यांचा मुलगा हैदराबादला. त्याने सांगितलं होतं, दुकान ऑनलाइन टाका, नाहीतर बंद करा. मामांच्या तीन पिढ्या चादरीत गेल्या. बंद हा शब्द त्यांना बोलवेना, तो त्यांनी हातानेच दाखवला. अक्काने तीन दुपारी त्यांच्यासाठी दिल्या. टायपिंगच्या टेबलावर चादरी पसरून फोटो काढले. मामा प्रत्येक फोटोत चादर धरून स्वतः उभे.

"मामा, चादर दिसू द्या की. तुमीच दिसताय."

"मग दिसू द्या ना! दुकान कुणाचं हाय? माझं हाय का चादरीचं?"

तिसऱ्या दुपारी फॉर्ममध्ये मोबाइल नंबरचा रकाना आला. मामा म्हणाले, नंबर हाय, पण फोन बंद असतोय. बंद कशाला? तर म्हणे, "उगंच झिजतंय की. लागला तर चालू करतो." अक्का हसली. "बरं, सध्यापुरता माझा टाकते," म्हणाली आणि तिने स्वतःचे दहा आकडे टाकले. ही गोष्ट तिने मला त्या दिवशी जेवताना रंगवून सांगितली होती, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो होतो.

मामांच्या चादरी बेंगळुरूला गेल्या हे पेठेत पसरायला वेळ लागला नाही. मग भांडीवाले आले, टोप्यांचे व्यापारी आले, समोरच्या बांगड्यांच्या दुकानातल्या रशीदाआपा आल्या. आपांकडे स्वतःचा चांगला फोन होता, पण त्या आधीच म्हणाल्या, "मेरेकू नक्को वो झंझट. टायपिंगबाईका नंबर डालो, उनका फोन चालू रैता." अक्काने एक वही ठेवली होती. एका दुकानाला एक पान, वर दुकानाचं नाव, खाली काय काय नोंदवलं ते, आणि कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं : सध्यापुरता. दुकानांच्या प्रत्येक पानावर हाच शब्द आहे. मी एकदा तिला विचारलं होतं, तू यांना शिकवत का नाहीस? ती म्हणाली, "दुकानात गिऱ्हाईक उभं असतंय रे. त्यांना शिकवत बसले तर ते जाईल. त्यापेक्षा मीच दाबते." मुलींची एक कळ कधी दाबली नाही तिने. दुकानदारांच्या मात्र सगळ्या दाबल्या.

त्यानंतर तिचा एकही दिवस तिचा राहिला नाही. कुणी दुकानाचं ऑनलाइन पान उघडायचं, नवा फोटो चढवायचा, परवान्याचं नूतनीकरण करायचं, की ओटीपी येणार अक्काच्या फोनवर. तो काही मिनिटांतच सांगायला हवा. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असताना तिने डावीकडच्या भिंतीशी उभ्या असलेल्या मला बोटांनी सहा आकडे दाखवले आणि मी ते डॉक्टरांच्या फोनवरून रशीदाआपांना कळवले. वैरागच्या पुढे आमच्या चुलतभावाचं शेत आहे. तिथे रेंज नाही. गेली की विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या छतावर चढून बसायची, पासष्टी ओलांडलेली बाई, हातात फोन. भाऊ खालून ओरडायचा, "अक्का, उतर की गं, लोकं म्हणत्याल म्हातारीला याड लागलं!" ती हसायची. उतरायची मात्र नाही. एकदा तिथून परतताना एसटीत मला म्हणाली, "मिलिंदा, दाव्याची गाय झालेय माझी. दावं लांब आहे, इतकंच."

तिला एकच हवं होतं. दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर. आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांनी केलं होतं. मौनाचं, पहाटे उठण्याचं तिला विशेष नव्हतं. ती भारावली होती वेगळ्याच गोष्टीने. "पहिल्या दिवशी फोन बंद करून कापडी पिशवीत घालतात म्हणे. वर आपलं नाव लिहितात. आणि कुलूपबंद कपाटात ठेवून देतात... दहा दिवस!" हे ती असं सांगायची, जसं लहानपणी आम्ही दुसऱ्याच्या घरच्या पक्वान्नाचं वर्णन करायचो. तिने तीनदा नाव नोंदवलं. पहिल्यांदा ऐन लग्नसराईत आपांचं ऑनलाइन पान लॉक झालं म्हणून राहिलं. दुसऱ्यांदा ती स्टँडवर गेली, गाडीत बसली आणि दोन दुकानांचे फोन लागोपाठ आल्यावर उतरून रिक्षाने परत आली. तिसरी वेळ मागच्या नोव्हेंबरातली. या वेळी तिने महिनाभर आधी सगळ्यांना सांगितलं. शिल्लक राहिलेल्या मशिनवर सूचना टाइप करून दुकानादुकानांत वाटली, की अमुक ते अमुक दिवस हा नंबर लागणार नाही, काय करायचं ते आधी करून घ्या. अंबादासमामा म्हणाले, "जावा की बाई! आमी काय कुक्कुलं बाळ हाय व्हय?" पेठेने तिला खरोखरच सोडलं होतं. तिला बांधून ठेवलं ते मी.

निवृत्त माणसाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माझा अंगठा यंत्रावर उमटला नाही, दोनदा. मग फोनवर चेहरा दाखवून करायचं ठरलं, आणि ते मी आज-उद्या करत ढकलत गेलो. तिचं शिबिर महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत. ती पिशवी भरत होती तेव्हा मी दारात जाऊन म्हणालो, "तू जा. माझ्या दाखल्याचं काय... बघू." बँकेत जाऊन समोर उभं राहून सही केली तरी दाखला होतो. रांग असते, एवढंच. हे मला माहीत होतं. मी ते बोललो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतला टॉवेल बाहेर काढला, त्याची घडी पुन्हा घातली आणि कपाटात ठेवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाली. त्याच दुपारी तिने माझा दाखला करून टाकला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तोवर तिचा शिबिराला नकार कळवून झाला होता.

तिच्या जलदानविधीला बुद्धवंदना चालू असताना माझ्या खिशात फोन वाजला. सहा आकडे. मी मान वर केली तर मागच्या रांगेत अंबादासमामांनी मान खाली घातली होती. त्यांच्या दुकानावर बसलेल्या भाच्याने ऑनलाइन पान उघडलं होतं. दुसऱ्या दिवशी मी अक्काची वही घेऊन पेठेत गेलो आणि एकेक दुकान धरलं. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर ओटीपी येतो, मग नव्यावर. म्हणजे तिच्या फोनवरून मी आकडे वाचायचे आणि मग दुकानदाराने स्वतःच्या फोनवरून. मी कुणाची कळ दाबायची नाही असं ठरवलं होतं. मला येतही नव्हतं. बांगड्या दाखवून होईस्तोवर आपांनी मला स्टुलावर बसवून ठेवलं, पण केलं त्यांनी स्वतः. अंबादासमामा मात्र तीनदा "उद्या या" म्हणाले. चौथ्यांदा मी उठलोच नाही.

"सर, असू द्या की बाईंचाच. त्यांचा नंबर काडला की मग काय राहिलं हितं?"

"फोन कायम माझ्या खिशात वाजणार, मामा?"

ते बराच वेळ चादरीच्या गठ्ठ्यावर हात फिरवत राहिले. मग चष्मा लावला. आकडे आले तेव्हा त्यांनी ते एकेक करून मोठ्याने वाचले, शाळेतल्यासारखे, आणि स्वतःच्या बोटाने दाबले. "आला की! माज्याच फोनवर आला!" असं म्हणून त्यांनी सगळ्या दुकानाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरले. आता त्यांचा फोन चालू असतो. झिजला तर झिजू दे म्हणतात.

शेवटचं दुकान झालं त्या दिवशी घरी येऊन मी वही पहिल्यापासून चाळली. मी दुकानं शोधत मधूनच उघडायचो, त्यामुळे पहिलं पान कधी पाहिलंच नव्हतं. मला वाटत होतं तिथे अंबादासमामा असतील. तिथे माझं नाव होतं. मामांच्या कितीतरी आधीची तारीख. गॅस, वीज, दवाखाना, पेन्शन, ग्रंथालयाचं सभासदत्व... सगळीकडे तिचा नंबर. आणि बाकीच्या प्रत्येक पानावर जो शब्द पेन्सिलने लिहिला आहे, तो माझ्या पानावर नाही. माझं पान शाईने लिहिलेलं आहे.

यंदाच्या नोव्हेंबरात मी बँकेत गेलो. रांग अडीच तासांची होती. खिडकीपलीकडच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, मी सही केली, मी जिवंत आहे हे कागदावर लिहिलं गेलं. बाहेर येऊन मी तिचा फोन काढला आणि तो कसा बंद करतात हे रस्त्यावरच्या एकाला विचारून पहिल्यांदाच बंद केला. घरी आलो. अक्काची भाजीची कापडी पिशवी दाराच्या खिळ्याला होती. तिच्यात फोन घातला, कागदाच्या पट्टीवर तिचं पूर्ण नाव लिहून पिशवीला टाचलं, पिशवी तिच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

आज सहावा दिवस आहे. सकाळपासून दोनदा त्या कपाटाशी जाऊन उभा राहिलो. आतून काही वाजत नाही. पहिल्या पानावरचा नंबर अजून बदलायचा आहे. नवा फोन मी आणला आहे, तो टेबलावर पडून आहे. अकराव्या दिवशी कुलूप काढावं लागेल, तिचा फोन चालू करावा लागेल, आणि एका हातातल्या फोनवरचे सहा आकडे दुसऱ्या हातातल्या फोनसाठी माझे मलाच वाचून दाखवावे लागतील. तोवर तिचे दहा दिवस तिला पुरे होऊ देत.