परड्यातला माचा

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. शहापूरच्या विणकर आळीत राजाबाईच्या घरामागं मोठं परडं होतं. तिचा नवरा तम्मण्णा दिवसभर मागावर लुगडी विणायचा आणि सांजेला परड्यातल्या फुलझाडांत रमायचा. एका वर्षी आंब्यावरून पडून त्याची कंबर मोडली, पाय कायमचे गेले. मग तो अंधाऱ्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला.

राजाबाईनं जुन्या मागाची लाकडं काढली आणि सुताराकडून मागच्या दाराला लागून फळ्यांचा रुंद माचा बांधून घेतला. तम्मण्णा हातांवर सरकत बाहेर आला. तिथं बसून तो सुताच्या कांड्या भरू लागला, झाडांकडं बघू लागला.

माचा राखणं मात्र सोपं नव्हतं. उन्हाळ्यात राजाबाई फळ्यांना करंजाचं तेल चोळायची, पावसाळ्यात वर गवताचा मांडव घालायची. तरी एका श्रावणात वाळवीनं खांब पोखरले आणि माचा एका अंगाला कलला.

दीर भरमा म्हणाला, "वैनी, मोडून टाका आता. सरपण तरी हुईल."

"भावजी, पाय गेल्यात त्येंचं, बागंची हौस न्हाय गेली," राजाबाई म्हणाली. "खांब दगडाचं घालू."

भरमा हसला. पण दुसऱ्या दिवशी ती एकटीच पहार घेऊन खणताना दिसली, तेव्हा त्यानं दगडाची गाडी ठरवली.

दिवाळीत तम्मण्णानं माच्यावर बसून शेवंतीची वेणी गुंफली आणि राजाबाईच्या हातात दिली.

"आता मोगरा लावू," तो म्हणाला. "मी सांगतो तितं खड्डा काड."