दोन वेण्या आणि माझा शब्द

माझी शाळा चौथीपर्यंतच. लिहिताना चुकलो तर चुकलो, पण सांगतो ते खरं. सांगलीकडच्या गावातनं मी मद्रासला आलो तो गलाईच्या कामाला, म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं चोख सोनं वेगळं करायचं. शहराचं नाव बदललं, माझ्या तोंडात मात्र मद्रासच राहिलं.

आमच्या धंद्यात एक रीत होती. पोर शाळेच्या वयाचं झालं की त्याला गावी ठेवायचं. आम्ही दुकानाच्या माळ्यावर राहणारी माणसं, ॲसिडच्या वासात पोर कुठं वाढवणार? माझा मुलगा सहा वर्षांचा झाला तसा मी त्याला माझ्या आईकडं ठेवला. वर्षातनं एकदा, यात्रेला, जाऊन भेटायचो. तो शिकला, इंजिनियर झाला. तेव्हा रीत चांगलीच, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी बायको गेली आणि घरातली घडी मोडली. मुलगा अंबत्तूरच्या कारखान्यात, सूनबाई सिरुसेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दोघं घरी येईस्तोवर दिवे लागायचे. नात आठ वर्षांची. आजी होती तोवर तिची टकळी चालू असायची. आता शाळेतनं आली की मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायची. मी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर, तेही तमिळमध्ये. मग बाईंनी डायरीत लिहून पाठवलं की मुलगी वर्गात बोलतच नाही.

मी कुणाला न विचारता गावी थोरल्या भावाला फोन लावला. जूनपासनं पोरगी तुझ्याकडं, असा शब्द देऊन मोकळा झालो. घरात सांगितलं तेव्हा सूनबाई ताटावरनं उठली. मुलगा एवढंच म्हणाला, "अण्णा, एक महिना द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

एका महिन्यात काय होतंय, असं मी ऐकवलं.

सूनबाईनं साहेबाशी बोलून कामाची वेळ बदलून घेतली. पहाटे कंपनीच्या बसनं जायचं आणि पोरगी शाळेतनं यायच्या सुमाराला परत. सकाळ मग मुलाच्या वाट्याला आली. डबा त्याला जमला. अडलं ते केसांवर. शाळेचा नियम असा की मुलींनी दोन वेण्या घालून, वर दुमडून, रिबिनीनं बांधायच्या. पहिल्या दिवशी एक वेणी कानाशी, दुसरी मानेवर. पोरगी रडत शाळेत गेली. बापानं हे धंदे करायचे असतात का, असं मी दोनदा तरी म्हणालो असेन.

रविवारी बघतो तर मुलानं खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधलेत आणि वेणीचा सराव चाललाय. पदर कुठं सैल, कुठं आवळलेले. मला वाईट काम बघवत नाही. लहानपणी गावी मी बैलांची दावी वळलेली आहेत. सरक म्हणालो आणि पदर हातात घेतले. ताण एकसारखा ठेवायचा, बाहेरचा पदर मधे आणायचा, बोट काढायचं नाही. तो शेजारी बसून बघत होता.

तिथं तो बोलला. माझ्याकडं न बघता, सुतळीकडं बघत. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आजी भिंतीवरचा तुमचा फोटो काढून मला दाखवायची. बाप ओळखू यावा म्हणून."

माझी आई हे मला कधी बोलली नव्हती. तोही एवढी वर्षं बोलला नव्हता. वेणी पूर्ण केली, गाठ मारली आणि आता तू करून दाखव म्हणालो.

पुढच्या आठवड्यात वेण्या सरळ झाल्या. बाप मागं आणि पोरगी पुढ्यात, अशी पंधरा मिनिटं. सुरुवातीला नुसतं "अप्पा, मेदुवा," म्हणजे बाबा, हळू, एवढंच यायचं. मग एके दिवशी तिनं सांगितलं की आजी कुठं गेली असं मुली विचारतात आणि रडू येईल म्हणून ती गप्प बसते. दोघांचे चेहरे एकाच बाजूला, कुणी कुणाकडं बघत नव्हतं, म्हणून निघालं असेल. मुलाचे हात थांबले, पण पदर सुटले नाहीत. शाळेतनं आल्यावर आईच्या कुशीत शिरून तिनं तेच परत सांगितलं. त्यानंतर हळूहळू टकळी सुरू झाली. आता ती माझं तमिळ सुधारते.

महिना भरला. मला कुणी काही विचारलं नाही. मीच भावाला फोन लावला. दिलेला शब्द मागं घ्यायची सवय नाही. म्हणालो, "दादा, पोरगी येत नाही."

 दादा म्हणाला, "लई बरं झालं बाबा. हितं आम्ही दोघं म्हातारी, हिचे गुडघे धरलेत, पोरं पुण्याला. तुला नाही कसं म्हणायचं म्हणून महिनाभर डोळ्याला डोळा नाही."

मला हसूच फुटलं. छातीवरनं काहीतरी उतरलं, त्याच्याही आणि माझ्याही. मग त्यानं विचारलं की पोरीच्या वेण्या कोण घालतं. बाप घालतो म्हणालो. त्याला खरं वाटेना. त्याला कुणी शिकवलं, म्हणाला.

"मी," म्हणालो.