पदराकडे जाणारा हात

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. शेतात कपाशीच्या पऱ्हाटीची काडी लागून तिचा डावा डोळा गेला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. उजव्यात मोतीबिंदू झाला, तो पिकेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नाही. रोज भाकर करपायला लागली तेव्हा घरात कळलं.

घाटंजीहून यवतमाळच्या दवाखान्यात तिच्यासोबत मला पाठवलं, कारण फॉर्म इंग्रजीत असतात आणि मी इंग्लिश मिडियमची. फॉर्म मी नीट भरले. बोलायची वेळ आली की मात्र मी फाइल पुढे करायचे.

डॉक्टर पांढऱ्या केसांचे, साठीच्या पुढचे होते. मोठ्या आईला दमा असल्यामुळे पूर्ण भूल द्यायची नव्हती. डोळ्याच्या कडेने इंजेक्शन दिलं की तेवढाच भाग बधिर होतो, माणूस जागा राहतो, असं त्यांनी सांगितलं. "सुई डोळ्याच्या मागे जाते. तेव्हा हलायचं नाही, एवढंच."

मोठी आई मान खाली घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "निंदताना बोटाले विळा लागला तवा मी हू का चू नाई केलं. सुईचं काय सांगून राह्यला थो?"

इंजेक्शनच्या खोलीत मी फाइल घेऊन दाराशी उभी होते. सिस्टरने तिला टेबलावर निजवून केसांवर हिरवी टोपी चढवली, डोळ्यात थेंब टाकले. डॉक्टर सुई घेऊन वाकले.

"बाई, समोर बघा."

मोठ्या आईचा उजवा हात झटकन डोक्याकडे गेला. डॉक्टरांनी सुई मागे घेतली.

"मावशी, हात खाली," सिस्टर म्हणाली.

"हो बाई."

"बघा समोर," डॉक्टर म्हणाले. पुन्हा हात वर. तिसऱ्यांदा सिस्टरने मनगट धरून ठेवलं, तर अख्खा खांदाच उचलला गेला. डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"एकच डोळा उरलाय यांचा. असं हलल्या तर मी हात लावणार नाही. नागपूरला न्या, तिथे पूर्ण भूल देता येते का बघतील."

"घाबरल्या का मावशी?" सिस्टरने विचारलं.

"मी कायले भिऊ वं?"

ती खरंच भ्यायली नव्हती. तो हात मी लहानपणापासून पाहत होते. आजोबा बाहेर नुसते खाकरले तरी चुलीपुढे बसलेल्या मोठ्या आईचा हात पदराकडे जायचा. हाताला पीठ असलं तरी जायचा, म्हणून तिच्या पदराचा काठ नेहमी पांढरा असे. वडीलधाऱ्या पुरुषाचा आवाज आला की डोक्यावर पदर. इथे पदर सापडत नव्हता, म्हणून हात पुन्हा पुन्हा शोधत होता. तिला स्वतःला ते कळतही नसावं.

"सर, इट्स युअर व्हॉइस," मी म्हणाले. घाबरले की मला इंग्रजीच सुचतं. मग मराठीत सगळं सांगितलं.

"म्हणजे मी यांचा सासरा झालो?"

"आवाजाने, हो."

सिस्टर खाली मान घालून हसली. तिने एक हिरवं कापड घडी करून मोठ्या आईच्या टोपीवर कपाळापर्यंत ओढलं. मी तिच्या कानाशी वाकले. परक्या माणसांसमोर मी घरच्यासारखं कधी बोलत नाही.

"मोठी आई, पदर डोक्यावर हाये. आता हात नको नेऊ."

डॉक्टरांनी सिस्टरला नुसती खूण केली. "मावशी, समोर पाहा," ती म्हणाली. सुई आत गेली. मोठ्या आईने माझा अंगठा दाबून धरला, पण हात उचलला नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांनी कापूस लावून पाहिला. तिला कळलं नाही.

ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर होते. दारामागून फक्त सिस्टरचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांना बघताच मोठ्या आईने पदर घेतला. या वेळी तो जागेवर होता. त्यांनी बोटं मोजायला सांगितली, तिने बरोबर मोजली.

जिन्यात तिने विचारलं, "आपरेशनात थो एक शबुद नाई बोलला. रागावला होता काय माह्यावर?"

"नाही."

"मंग काहून चूप होता?"

पायरी उतरवायला मी हात पुढे केला. तेवढ्यात तिने माझा हात स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"अन् हे नखाले काय लावलं वं, काळं?"

ते मी दिवाळीपासून लावत होते.