शून्य येईना

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा व्हायची. हवेतले कण मोजणारं माझं यंत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोनं गोव्याला जाऊन अंटार्क्टिकाच्या जहाजावर चढणार होतं आणि त्याच्या मागोमाग मी. म्हणून त्या वर्षी पहिला मान त्याला.

"चालू करा," आमचे सर म्हणाले. "बंद यंत्राची कसली पूजा?"

पंप सुरू झाला. जगातली सगळ्यात स्वच्छ हवा ज्या नळीनं ओढायची, तिच्या तोंडाशी सरांनी कापूर पेटवला, उदबत्त्या ओवाळल्या, वर हळदकुंकू वाहिलं. मी तोंड उघडेपर्यंत आरती सुरू झाली होती.

दसऱ्याच्या सकाळी मी नळीला गाळणी लावली. गाळणीतून कण जात नाहीत, त्यामुळे आकडा शून्य यायला हवा. आला नाही.

ध्रुवाकडच्या समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्यांच्यापासून गंधकाचा एक वायू हवेत येतो. समुद्राचा जो वास येतो, त्यात तो असतो. हवेत त्याचं रूप पालटतं, त्यातून अतिशय बारीक कण तयार होतात आणि पुढे त्या कणांवर पाणी धरून ढग बनतात. तिथली हवा इतकी नितळ, की कण जन्मताना पकडता येतात. पण यंत्रच खोटं बोलत असेल, तर समुद्राचं कुठलं आणि उदबत्तीचं कुठलं हे ओळखायचं कसं?

सर सणाच्या कपड्यांत येऊन गेले. "संध्याकाळपर्यंत शून्य दाखवा. नाहीतर दुसऱ्या संस्थेचं यंत्र जाईल, त्यांच्याच माणसाबरोबर. आणि अहो, देवाचंच तर केलं, त्यात एवढं काय?" ताम्हन तिथंच पडलं होतं. ते उचलून फेकावंसं वाटलं.

मला नोकरी देऊ केलेल्या हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीलाही त्याच संध्याकाळपर्यंत उत्तर हवं होतं. त्यांना दसरा-बिसरा ठाऊक नव्हता, घड्याळ अमेरिकेचं. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांचं मत ठरलेलं होतं. "कंपनीची बस दारात येते, तिला नाही म्हणायचं आणि समुद्राचा वास मोजायला पृथ्वीच्या टोकाला जायचं. उत्तम." सकाळी निघताना एवढंच बोलले होते.

मी नळी बदलली. आतला भाग स्पिरिटनं पुसला, कापसाला काळपट चिकटा आला. आकडा उतरला, उतरला आणि शून्याच्या अलीकडे हटून बसला. परत पुसलं. परत तेच. दुपार कलली, बाहेर झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. चिकट्यानं आकडा असा एका जागी थांबणार नाही, हे हळूहळू डोक्यात आलं. कुठून तरी खोलीतली हवा आत शिरत होती.

सगळे सांधे उघडले. गाळणीजवळच्या रबरी कड्याखाली कुंकवाचा खडा अडकला होता. तेवढ्या फटीतून हवा आत येत होती. कडं पुसलं, घट्ट बसवलं. आकडा खाली आला. शून्य. मी आकड्याकडे बघत बसले. शून्यच राहिलं.

सरांना कळवलं. मग घरी फोन लावला. "बाबा, शून्य आलं."

"जन्मभर पोरांना शून्यं दिली. आनंदानं घरी सांगणारं कार्टं आज पाहिलं." मग म्हणाले, "हिंजवडीवाल्यांचा फोन आला होता. आमची मुलगी येणार नाही, सांगून टाकलं."

"कधी?"

"दुपारी. जेवणं झाल्यावर."

तेव्हा माझा आकडा हटून बसलेला होता. मला न विचारता! मी संतापले, आणि तरी फोन कानाला घट्ट धरून राहिले.

"आणि शून्य आलंच नसतं तर?"

"तर दोघं मिळून रडलो असतो," बाबा म्हणाले. "ये आता. आपट्याची पानं वाळायला लागलीत."