तात्यांच्या बंदुकीची तिसरी नळी

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त चुका काढण्यासाठी वाचत आलो. बायको म्हणते, "तुम्ही भुतालासुद्धा मायक्रोमीटर लावाल." लावीनच! अंबडच्या एका कंपनीत उभा जन्म क्वालिटी खात्यात गेला, माप घेतल्याशिवाय मी कशावरही विश्वास ठेवलेला नाही. भूत, भानामती, बाहेरची बाधा... सगळ्यांवर एकच शिक्का — रिजेक्ट. तर असा मी आज हे लिहायला बसलोय. आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत ओवी नावाची एक लहान मुलगी आहे आणि ती आज धडधाकट आहे. नसती, तर मला हे लिहिता आलं नसतं.

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात. मी जुन्या जर्मन शिकारी बंदुकांच्या नादी लागलो. स्वतः आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही, हं! पण त्या बंदुकांच्या पोटात, नळ्यांच्या खालच्या अंगाला, बारीक शिक्के असतात. कुठल्या गावी बनली, कुणी तपासली, नळीचं माप किती... ते वाचायचे आणि मग ती बंदूक कुणाकुणाच्या हातांतून इथवर आली याचा माग काढायचा. लोक फोटो पाठवतात, मी त्यांना इतिहास लिहून देतो. लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणतात ते हेच.

संजय पूर्वी माझ्या हाताखाली होता. पुढे नोकरी सोडून दिंडोरीजवळ घरच्या द्राक्षबागेत रमला. त्याने मला फोटो पाठवले. त्याचे वडील, तात्या, यांच्याकडे आजोबांपासूनची एक बंदूक होती. लायसन्सवर नोंद 'दुनळी'. फोटो बघून मी खुर्चीतून उठलोच. वर छऱ्याच्या दोन नळ्या, आणि त्यांच्या खाली मधोमध तिसरी, गोळीची. जर्मन शिकाऱ्यांची खास चीज. तितर उडालं तर वरची, डुक्कर आलं तर खालची.

"सर, खंडेनवमीला या," संजय म्हणाला. "ती तेव्हाच बाहेर निघते."

गेलो. बागांत छाटणीचे दिवस होते, पण त्या दिवशी कात्र्यांना सुट्टी. कात्र्या, ट्रॅक्टर, फवारणीचा ब्लोअर, सगळं धुऊन, झेंडूच्या माळा घालून अंगणात मांडलेलं. त्या घराची एक रीत होती. पूजा झाली की तात्या बंदुकीचे दोन्ही घोडे चढवणार, बंदूक खांद्याला लावणार आणि रिकामेच दोन्ही चाप ओढणार. समोर घरातलं सगळ्यात धाकटं लेकरू नारळ छातीशी धरून उभं राहणार. बंदूक घरच्यांना ओळखते, अशी त्यांची समजूत. लहानपणी संजय उभा राहायचा. आता त्याची ओवी.

मी तात्यांना तिसऱ्या नळीचं सांगायला गेलो तर ते हसायलाच लागले.

"नळी नाय ती, पाहुणे. गजाची जागा हाय. ठासणीच्या बंदुकीला खाली गज नसायचा का? तसंच हे. गांधीलमाश्या घर करायच्या म्हणून आमच्या बाबांनी तोंडात लाख भरली."

"पण तात्या, रिकामी आहे ना?"

"दर साली चाप ओढतो मी. भरलेली असती तर एवढ्यात किती बार उडाले असते!"

सगळे हसले. मीही हसलो. मला ते पटलं — ही माझी चूक. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की तपासल्याशिवाय ओके म्हणायचं नाही, आणि स्वतः मात्र मान डोलावली.

शिक्के बघायचे तर बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली झुकवून, उघडावी लागते, आणि ती उघडायची कळ गंजून बसलेली. तात्यांच्या हयातीत ती कधी उघडलीच नव्हती. आरती व्हायला वेळ होता म्हणून मी बंदूक घेऊन मागच्या औषधांच्या खोलीत गेलो. फवारणीची औषधं, गंधकाच्या गोण्या, एक टेबल, गज लावलेली एक खिडकी. पत्र्याचं दार बाहेर उघडणारं. आतून कडी नाही, बाहेरची मोडलेली. मी ते वाऱ्याने आपटू नये म्हणून बाहेरच्या भिंतीला लावून ठेवलं होतं... निदान मला तसं आठवतं.

कळीत तेल सोडलं. दस्त्यावर चांदीची छोटी पट्टी होती, मालकाचं नाव कोरायची. नाव कानशीने घासून टाकलेलं, ओरखडे आडवेतिडवे, म्हणजे घाईत. घोड्यांच्या मागे मळाने बुजलेलं एक बटण सापडलं. ते मागे असलं की पुढच्या चापाने वरची उजवी नळी उडते, पुढे सारलं की तोच चाप खालच्या नळीचा होतो. मळ खरवडला, तेल दिलं आणि ते खटकन पुढे सरकलं. मला कोण आनंद! तसंच पुढे राहू दिलं.

"सर, आणा बंदूक! आरती झाली!" संजयची हाक आली.

मी वळलो तर दार बंद. वाऱ्याने लागलं असेल म्हणून ढकललं. बोटभर सरकलं आणि परत आलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. अडकलेलं दार मला माहीत आहे, ते ठाम असतं. हे सरकायचं आणि सावकाश परत यायचं. पलीकडे वजन होतं, आणि ते वजन मी जोर लावला की जोर लावत होतं.

"कोण आहे रे?" मी ओरडलो. संजयला फोन लावला तर रेंज नाही. खांदा दिला, लाथ घातली, पत्रा दणादण वाजला. खिडकीतून अंगण दिसत होतं, माणसं दिसत होती. मी घसा फोडून हाका मारल्या, पण एकानेही मान वळवली नाही. गंधकाचा वास नाकातोंडात जायला लागला, शर्ट घामाने चिकटला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. या गोण्यांतच आपण मरणार आणि बाहेर प्रसाद वाटला जाणार, असं वाटून मला रडू फुटलं. एवढा मोठा बाप्या मी, दारावर थापा मारत "सोडा हो, सोडा" म्हणत होतो. कुणाला म्हणत होतो, देव जाणे.

मग डोकं चाललं. त्यांना बंदूक हवीय ना? खिडकीच्या गजांतून ती निघेल. दस्ता बाहेर काढून हलवला तर कुणीतरी घ्यायला येईल, मलाही सोडवेल. मी बंदूक उचलली आणि गजांत घातली. आतून जोरात रेटताना कळ गजाला अडकली, कट्ट झालं आणि बंदूक माझ्या हातात मोडून उघडली.

वरच्या दोन नळ्या काळ्या, रिकाम्या. खालच्या नळीत पितळेची गोल चकती. मधली टिकली कोरी, घोड्याचा टोला न पडलेली.

भरलेली होती ती. तात्या दर साली चाप ओढायचे ते वरच्या दोन नळ्यांचे. आणि बटण मी पुढे सारलं होतं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. परकर-पोलकं घातलेली ओवी नारळ छातीशी धरून उभी होती. हलायचं नाही असं बजावलेलं असणार, म्हणून नुसती डोळे फिरवत होती. इतकं जुनं काडतूस उडेलच असं नाही. पण नाही उडणार, असंही कुणी लिहून देणार नाही.

नखाने ओढून काडतूस बाहेर काढलं, मुठीत धरलं. दाराकडे बघायचीही हिंमत नव्हती, तरी बघितलं. दार उघडं होतं. सताड उघडं, भिंतीला लागलेलं.

बाहेर येऊन मी तात्यांच्या तळहातावर ते काडतूस ठेवलं आणि बटणाचं सगळं सांगितलं. म्हातारा तिथेच खाली बसला. मग ओवीच्या हातातला नारळ घेतला, तिला मांडीवर बसवलं आणि तिच्या पायांना हात लावून रडायला लागला. तिला काय कळणार? ती म्हणाली, "आबा, माझा नंबर कधी?"

बंदूक त्याच आठवड्यात रीतसर जमा झाली. इतिहास लिहून द्यायचा होता, तो अर्धाच राहिला. शिक्के वाचले, गाव कळलं, पण घासलेलं नाव काही केल्या लागलं नाही. ती दिंडोरीला कुणाकडून आली, खालची नळी कुणी आणि कुणासाठी भरली, पत्ता नाही. दाराचं म्हणाल तर संजय शपथेवर सांगतो, दार पूर्ण वेळ उघडं होतं, सर कामात गढलेत म्हणून आम्ही थांबलो. मी स्वतःची समजूत घातली की औषधांचा वास डोक्यात गेला, बीपी वाढलं, भास झाला. मी मानलंही असतं.

पण त्या दिवशी निघताना संजयची बायको वैशाली म्हणाली, "काका, तुमच्यासोबतचे न जेवताच गेले का?"

"माझ्यासोबत कुणी नव्हतं, बाई."

"असं काय करता? मी दोन चहा आणून ठेवले ना उंबऱ्यावर. तुम्ही खिडकीपाशी होता. ते म्हातारे बाबा उंबऱ्यात बसलेले, पाय बाहेर पसरून, पाठ मागं टेकून. चहा घ्या म्हटलं तर नुसती मान हलवली. मला वाटलं लय दमलेत."

"पाठ टेकून?" मी विचारलं. "कशाला टेकून?"

तिने मागच्या खोलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दार तर भिंतीला लागलेलं होतं, काका," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या मागं काहीच नव्हतं."