लाल दोऱ्याची फुलं

फोन आला तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. भाचा नुसतं "आत्या..." म्हणाला. मग म्हणाला, "बाबा गेले." माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सकाळी परसातल्या वाडीत झाडांना पाणी घालायला गेला होता आणि पाटावर बसल्या बसल्याच कलंडला. आसगावहून मोहाडीकडच्या माझ्या माहेरी जाताना गाडीत माझ्या डोळ्यांपुढे सारखी त्याची वाडी येत होती. आता फुलं ऐन भरात असतील, असं मनात आलं आणि माझं मलाच नवल वाटलं. भाऊ गेलाय आणि आपल्याला फुलं कसली आठवतात! पण दादाचं नाव काढलं की कॅलेंडुला, ती झेंडूसारखी दिसणारी नारिंगी फुलं, आठवणार नाहीत, असा माणूस आमच्याकडे शोधून सापडायचा नाही.

तसा तो जन्माचा धानवाला. चिखलात उभं राहून दिवसभर धानाची रोपं लावत रोवणी करावी आणि संध्याकाळी पारावर बसून गप्पा हाणाव्यात, असा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून त्याचा पाय मोडला, नागपूरला ऑपरेशन झालं आणि चिखलात उतरणं कायमचं बंद झालं. आम्हाला वाटलं, हा आता खाटेवर पडून घरादाराला पिडणार. पण दवाखान्याच्या आवारात त्याने नारिंगी फुलांचा वाफा पाहिला होता. तिथल्या माळ्याशी गट्टी जमवून हा गडी प्लॅस्टरसकट घरी आला तो खिशात वाळकी बोंडं घेऊनच. मी भेटायला गेले तर तळहातावर वाकडं, खरबरीत बी घेऊन मला दाखवतोय, "कुंदे, हे बी हाये का कोणी नखं कापून ठेवले वो!" आणि स्वतःच हसतोय. कितीतरी दिवसांनी तो हसत होता.

पहिल्या वर्षी त्याने जे केलं ते फक्त आमच्याकडचाच माणूस करू जाणे. बी रात्रभर भिजवलं, ओल्या पोत्यात बांधून मोड यायला ठेवलं, वाडीत चिखल केला, चारी बाजूंनी इवलासा बांध घातला आणि पाणी साचवून त्यात बी फेकलं. अगदी धानाची बांधी! सगळं कुजून गेलं. वहिनी म्हणाली, "फुलं हायेत जी ते, तांदूळ नोहे." तर हा हट्टाने, "धानाले चालते, मंग ह्याले काहून नाही?" पण शहाणा असा, की अर्धी बोंडं डब्यात राखून ठेवली होती. पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर त्याने भुसभुशीत माती आणि शेणखत कालवून वाफा उंच केला, बी कोरडंच पेरलं, वर बोटाच्या पेराएवढी माती लोटली आणि नुसतं पाणी शिंपडलं. आठवड्याभरात हिरवे ठिपके दिसू लागले. रोपांना चार-पाच पानं आली तेव्हा मात्र त्याने आपली विद्या काढली. वाकता येत नव्हतं, म्हणून पाटावर बसून सरकत सरकत त्याने रोवणी केली. रांग अशी सरळ, की दोरी लावून बघावी. त्या दिवशी माझ्या भावाचा मला जो अभिमान वाटला, तो त्याच्या पिकलेल्या धानाच्या राशी पाहूनही कधी वाटला नव्हता.

संक्रांतीच्या सुमारास वाडी पेटल्यासारखी नारिंगी झाली. गाव चिडवायचं, "तुमचा झेंडू दसऱ्याले काहून नाही येत जी?" हा उत्तर द्यायचा, "त्याले गर्दी आवडत नाही." रोज सकाळी कात्री घेऊन तो सुकलेली फुलं छाटायचा. मी एकदा विचारलं, बिचाऱ्यांना राहू दे की झाडावर... तर म्हणाला, "सुकलं फूल ठेवलं का झाडाले वाटते, झालं आपलं काम. मंग ते थांबते. थांबू नाही द्याचं." कात्रीचा आवाज चालूच होता.

फुलं कोणीही तोडावीत, पूजेला न्यावीत, त्याची ना नसे. त्यातूनच एकदा घात झाला. त्याच्या पुतणीच्या लग्नात पाहुण्यांनी मांडवाच्या दारासाठी वाडी पार ओरबाडली, एक फूल ठेवलं नाही. बी धरायला काही उरलंच नाही. दादा त्या दिवशी दोन घास जेवूनच उठला. पुढे कितीतरी दिवस तो ओळखीपाळखीत विचारत फिरला. शेवटी मोहाडीच्या बाजारात मासे विकणाऱ्या यमुनाबाईकडे त्याचंच बी निघालं. कधीकाळी त्यानेच तिला मूठभर दिलं होतं, आणि तिने दरवर्षी दाराशी चार झाडं लावून ते टिकवलं होतं. तेव्हापासून मागेल त्याला तो बी देऊ लागला. आणि तेव्हापासून वाडीत लाल दोरा आला. सगळ्यात जोमदार झाडांवरची सगळ्यात मोठी फुलं निवडायची आणि त्यांच्या देठाला पूजेच्या नाड्याचा एकेक पदर बांधायचा. "बियाण्याच्या लोंब्या आपण आधीच नाही काढून ठेवत का? तसंच हे," तो म्हणायचा. दोरा बांधलेलं फूल कुणी तोडायचं नाही. गावाला हा कायदा पाठ झाला.

त्या दिवशी मी पोचले तेव्हा बायका वाडीतून टोपल्या भरभरून फुलं आणत होत्या. मीही आत शिरले. माझ्या भावाच्या अंगावर सगळ्यात मोठं फूल माझ्या हातचं पडावं, एवढंच मनात होतं. एक दिसलं, वाटीएवढं. हात घातला तोच मागून आवाज आला, "बाई, ते नोको तोडू." वहिनी होती. सकाळपासून तिने डोळ्यांतून टिपूस गाळलं नव्हतं. मला रागच आला. म्हटलं, "वहिनी, आज नाही तर कधी? त्याच्याचसाठी तर..." ती म्हणाली, "ते बियाचे हायेत. त्याईले चालनार नाही." आणि तिथेच, वाफ्याच्या कडेला बसून, ती रडायला लागली. मी मान वर करून पाहिलं. अख्खी वाडी रिकामी झाली होती. फक्त लाल दोऱ्याची फुलं जिथल्या तिथे उभी होती. गावातल्या एकाही बाईने त्यांना हात लावला नव्हता.

तेरवी झाली, उन्हं तापली, झाडं वाळली. परवा वहिनीने बोंडं पाठवली, देठासकट, दोऱ्यासकट. यमुनाबाईलाही तिने थोडी दिलीत म्हणे. माझी मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहेत. येता-जाता त्या दोऱ्यांवर नजर जाते. बारीक, घट्ट गाठी आहेत, दादाच्या हातच्या. त्या मी सोडवणार नाही. दसरा झाला की बी पेरायचं, कोरडंच. भिजवायचं नाही, दादा... लक्षात आहे माझ्या.